रुमालाखालचं उत्तर

भरतने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला. "साहेब, बेल्ह्याचा बैलबाजार इथंच राहणार, का हायवेला जाणार?"

"भरतराव, बाजार हा शेतकऱ्यांचा आहे," सयाजीराव कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "शेतकऱ्यांच्या हिताचा जो निर्णय होईल, त्याच्या पाठीशी आम्ही ठामपणे उभे राहू."

"म्हणजे राहणार?"

"सर्वांना विश्वासात घेऊनच पुढं जाऊ." एवढं बोलून त्यांनी शेजारच्या खिलाराच्या पाठीवर हात फिरवला. बैलाने निदान मान वळवून सरळ बघितलं. सयाजीरावांनी तेवढंही केलं नाही.

तालुक्यात सयाजीरावांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं, आणि भरत मंचरहून मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवत होता. एक फोन, एक माईक, झालं ऑफिस. तोंडाने फटकळ. सरपंचाच्या नातवाच्या वाढदिवसाला बातमी घ्यायला गेला आणि कॅमेरा चालू असताना केक शिळा आहे म्हणून मोकळा झाला. त्यामुळे जाहिराती कमी, पण लोक त्याचंच खरं मानायचे.

आजचा प्रश्न मात्र चॅनलसाठी नव्हता. तो साळुबाईचा होता. बाजाराच्या तोंडाशी तिचा भज्यांचा गाडा बावीस वर्षं उभा होता. नवरा गेल्यावर दोन लेकी तिने त्याच कढईवर वाढवल्या. आता मंचरच्या स्टँडजवळ तिच्या भाच्याने एक जागा धरून ठेवली होती. आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. बाजार राहणार असेल तर साळुबाईला हे गाव सोडायचं नव्हतं. बाजार जाणार असेल तर इथं नुसत्या माशा मारत बसावं लागणार. सकाळी ती म्हणाली, "तेवढं त्यांना इचार आन् मला येऊन सांग." भरतने छाती ठोकून हो म्हटलं होतं.

त्याने कॅमेरा बंद केला.

पुढारी होण्याआधी सयाजीरावांनी ह्याच बाजारात पंधरा वर्षं बैलांची दलाली केली होती. इथं बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघं जण रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं धरतात, तोच आकडा. रुमालाखाली जो खोटं सांगेल त्याचा हात पुन्हा कोणी धरत नाही. रुमालाखालचं जो बाहेर बोलेल, त्याचाही नाही. भरतचे वडील सावळेराम जन्मभर इथंच दलाली करत राहिले. त्यामुळे हा कायदा त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याने खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. "साहेब, अजून किती महिने?"

सयाजीरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. रुमालाखाली हात घातलेली दोन माणसं ह्या बाजारात बघण्यासारखी गोष्टच नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावरचा पुढारी कुठेतरी गेला आणि जुना दलाल तेवढा उरला. त्यांचा हात रुमालाखाली आला. त्यांनी भरतची तीन बोटं घट्ट धरली. शंका राहू नये म्हणून सोडून पुन्हा तीच तीन धरली.

"लई वर्सांनी हात घातला," ते हळूच म्हणाले. मग लोकांना नमस्कार करून गाडीत बसले.

भरत तिथंच उभा राहिला. सहा वर्षं ह्या माणसामागे तो एका सरळ उत्तरासाठी पळत होता. आज ते मिळालं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. कॅमेऱ्यासमोरचं उत्तर एकदम साऱ्या गावाचं होतं, मग त्याचं कोण काय करील हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही. रुमालाखालचं एकाचंच राहतं. सयाजीरावांना खरं बोलता येत नव्हतं असं नाही. ते कुठं बोलायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. भरतला त्यांचा राग आला. थोडा आदरही वाटला, आणि त्यामुळे राग जास्तच आला.

"काय म्हनले रे?" पदराला हात पुसत साळुबाई समोर येऊन उभी राहिली.

'तीन महिने' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण सावळेरामांनी आयुष्यात एकदाही रुमाल उघडा केला नव्हता. भरत म्हणाला, "मावशी, त्याबाबत... म्हणजे सगळ्या बाजूंनी विचार चालू आहे." स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मान खाली घातली.

साळुबाई गाड्याकडे वळली. मग तिने गॅस बंद केला.

"मंचरला फोन लाव. जागा घेते म्हनावं."

"आवं मावशी, मी तर कायच सांगितलं न्हाई."

"म्हनूनच," साळुबाई म्हणाली. "सयाजीराव बरं असलं तरी गोलगोल बोलत्यात, वाईट असलं तरी गोलगोलच. त्यांच्या बोलन्यावरनं मानसानं काय वळखायचं? तू कदी तसा बोलला न्हाईस, म्हनून आज मला कळलं." तिने झाऱ्यातली शेवटची चार भजी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. "पर हे येकदाच व्हतं, बाबा. फुडल्या टायमाला तुझं बी कळायचं न्हाई."