बिनदिव्याची खोली

“हॉलला चौदा दिवे? छताची चाळणी करायचीय का?” तरुबेनने नकाशावर बोट आपटलं.

“हॉल केवढा आहे, बा. चारात अंधार पडेल,” कृणा म्हणाली.

“तुझ्या बापाकडे एका ट्यूबखाली सहा जण जेवत होतात.”

“सूर्य मावळायच्या आत जेवत होतो. ती ट्यूबही लागत नसे.”

जयेशभाईंनी सासू-सुनेच्या मधे एक दिवा ठेवला. सुरतेत दिव्यांचं दुकान चालवायचं तर हे रोजचंच. “हा छतात खोल बसतो, डोळ्यांवर येत नाही. मागून बंद आहे, एकही किडा आत जाऊन मरणार नाही. आपल्या जैनांत हाच जातो.”

तरुबेनने दिवा उलटा करून फटीत नख घालून पाहिलं. “चालेल.” तासाभरात पहिल्यांदाच त्यांनी काही मान्य केलं.

नव्या फ्लॅटवर कारागीर खोळंबले होते. भोकं आजच पाडायची होती. हॉल ठरला, स्वयंपाकघर ठरलं. उरली तरुबेन आणि नऊ वर्षांच्या ध्रुवीची खोली.

“तिथे एकही भोक नको.”

“पोरीने अभ्यास अंधारात करायचा? डोळे जातील तिचे. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका, बा.”

“दीक्षेच्या वाटेवर विजेचा दिवा चालत नाही. सवय आतापासूनच हवी.”

कृणाने चमकून सासूकडे पाहिलं. सुट्टीभर आजी-नात साध्वींच्या उपाश्रयात राहून आल्या होत्या, तेव्हापासून बा जमिनीवर झोपत होत्या, एकदाच जेवत होत्या. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? दहा वर्षं उठता-बसता ऐकलेला हा आवाज घरातून जाणार होता. तिने चेहरा मुद्दाम कोरा ठेवला.

“मुहूर्त कधीचा?”

“माघातला. घरच्यांची रजा मिळाली तर.”

“अडवणारी मी कोण?”

“आज म्हणशील, मग उपाश्रयाच्या दारात गळा काढशील.”

“मी? मी पेढे वाटीन, बा.”

“म्हणजे रजा दिलीस?”

“दिली. आनंदाने दिली. जयेशभाई, तुम्ही साक्षीला.”

जयेशभाईंनी हात जोडले. कृणाने पेन घेऊन त्या खोलीतल्या चारही खुणा स्वतःच खोडल्या. “ध्रुवीचं टेबल आमच्या खोलीत हलवते,” ती म्हणाली.

 तरुबेनने पर्समधून फोन काढून मुलाला लावला.

“नीरव, हो म्हणाली. दुकानात, जयेशभाईंच्या देखत. तू बाप म्हणून कालच रजा दिलीस, आई म्हणून हिचीच अडली होती. उद्या शाळेत जा आणि पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आण.”