हिरवा जीवाश्म

बीकरमधला दगड हिरवा झाला होता. प्रणोतीने बोट लावलं तर ताजं, बुळबुळीत शेवाळ बोटाला चिकटून आलं. तिने हात झटकन मागे घेतला.

शेवाळाची तिला कधीच किळस नव्हती. पण हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा होता. त्यातल्या जीवाश्म शेवाळाच्या शोधानेच उमाळे सरांचं नाव झालं होतं, आणि तिचा प्रबंधही त्याच शेवाळावर होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी फारच टवटवीत दिसल्या, म्हणून तिने दगडाच्या आतला एक तुकडा आठवडाभर पाण्यात, उजेडात ठेवला होता. आता तेच शेवाळ वाढलं होतं. म्हणजे ते जीवाश्म नव्हतंच; अलीकडच्या काळात भेगेतून दगडात शिरलेलं होतं.

ती बीकर घेऊन सरांकडे गेली. ते डबा खात होते.

“सर, हे जिवंत आहे.”

सरांनी घास गिळला. “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पेपर छापून आला, त्याच वर्षी कळलं. त्यानंतर नऊ जणांनी यावर पीएच.डी. केली. तू दहावी. ओतून टाक ते बेसिनमध्ये आणि हात स्वच्छ धू.” त्यांनी पोळीचा पुढचा तुकडा भाजीत बुडवला.

त्यांच्या चावणाऱ्या तोंडाकडे तिला बघवेना. ती तशाच हाताने प्रयोगशाळेत परतली आणि तो पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायला बसली. सगळे फोटो जोडले. शेवटी लिहिलं, ‘याच शेवाळावरचा गेल्या वर्षीचा लेखही मागे घ्यावा. तो माझा आहे.’