मयताचं पाकीट

एक पाकीट फोडलं आणि फर्न खुर्चीतून उठलीच.

"आर्डिस, हे बघ. अगं, बघ तरी!"

शोकपत्रात पंचवीस डॉलरचा चेक होता. वर गॉर्डी आणि नोरीन अशी नवराबायकोची नावं छापलेली, खाली सही नोरीनची. हार्लनला पुरून दोनच दिवस झाले होते आणि त्याच्या बायकोचं, आर्डिसचं, स्वयंपाकघरातलं टेबल गावाने दुखवट्याचे पैसे घालून पाठवलेल्या पाकिटांनी भरून गेलं होतं. या गावात माणूस एक वेळ कुणाचे हजारो बुडवेल, पण मयताचं पाकीट पाठवायला चुकणार नाही.

फर्न, आर्डिसची बहीण, आकड्याकडे बघतच नव्हती. ती बँकेचं नाव वाचत होती. "नदीपलीकडची बँक! तीन वर्षं शोधतोय आपण, आणि या बाबाने पैसे दडवले कुठे, तर नदीपलीकडे!"

आर्डिसने चेक हातात घेतला. छप्पर नवं करून देतो म्हणून गॉर्डीने सहा हजार आठशे डॉलर घेतले आणि अर्धं छप्पर उघडं टाकून काम सोडून दिलं. कोर्टाने निकाल आर्डिसच्या बाजूने दिला खरा, पण निकाल देऊन कोर्ट मोकळं झालं. शेरीफचा माणूस बँकेत जाऊन पैसे उचलून आणतो, मात्र बँक कोणती ते आपण सांगायचं. दोनदा तिने फी भरली, दोनदा खातं रिकामं निघालं. हार्लन शेवटच्या आठवड्यातसुद्धा पलंगावर पडून बादलीत पडणारे थेंब ऐकत होता. ते आठवलं की तिचं डोकं भणाणून जाई.

"आज शनिवार," फर्न म्हणाली. "सोमवारी शेरीफचं ऑफिस आठला उघडतं, बँक नऊला. तोवर त्याला पत्ता लागता कामा नये. लागला, तर नऊच्या ठोक्याला तो खातं धुऊन काढेल."

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. फर्नने पडदा सारला. गॉर्डी उतरत होता. नोरीन गाडीतच बसून होती.

फर्नने चेक लिंबाच्या वड्यांच्या बशीखाली सरकवला.

गॉर्डीने बूट पुसले, टोपी काढली. "हार्लनचं कळलं, फार वाईट वाटलं."

"बसा," आर्डिस म्हणाली. दारात आलेल्याला कॉफी न विचारणं तिला जमलं नसतं, मग तो गॉर्डी का असेना.

तो नेमका बशीसमोर बसला. "नोरीनने पंचवीसचा चेक पाठवला म्हणे. एवढ्यावर भागवायचं का हो? मलाच लाज वाटली. हे पन्नास रोख घ्या, आणि तो चेक परत द्या."

"अजून सगळी पाकिटं उघडली नाहीत मी."

"मी शोधतो ना! तुम्ही कशाला त्रास घेता?"

आणि तो खरंच शोधायला लागला. एकेक पाकीट उचलायचा, नाव वाचायचा, बाजूला टाकायचा. कोपऱ्यातल्या बादलीत थेंब पडत होते. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मग त्याने हात लांब करून एक वडी उचलली. बशी बोटभर सरकली आणि चेकचा निळा कोपरा बाहेर आला. फर्नने त्यावर कोपर टेकवलं आणि दुसऱ्या हाताने त्याचा कप काठोकाठ भरला.

शेवटी नोरीनच्या अक्षरातलं पाकीट त्याच्या हाती लागलं. फोडलेलं. आत नुसतं शोकपत्र.

त्याचा चेहरा बदलला. "चेक कुठाय, आर्डिस?"

"हार्लनच्या मयताचा आहे तो. परत कसा द्यायचा?"

"मी विचारलं, कुठाय?" तो उठून उभा राहिला. सोमवार पार दूर गेल्यासारखा वाटला आर्डिसला.

दार उघडून नोरीन आत आली. "किती वेळ रे? गारठले मी गाडीत."

"कुठल्या चेकबुकातला दिलास तू?"

"कुठल्या म्हणजे? गावातल्या बँकेच्या."

"ते खातं रिकामं आहे!"

"मग मी काय करू? नव्याला हात तरी लावू देतोस का मला? कुलपात ठेवतोस ते!"

गॉर्डी तिच्याकडे बघत राहिला. मग पोट धरून हसला. "म्हणजे वटणारच नाही तो! अगं, मयताला फुसका चेक दिलास तू!" त्याने टेबलावरची पन्नासची नोट उचलली, खिसे चाचपले आणि तिच्या जागी विसाची ठेवली. "असू द्या, आर्डिस. तो चेक सापडला की फाडून टाका. वड्या मात्र झकास झाल्यात." जाताना आणखी दोन उचलून तो गाडी सुरू करायला गेला.

नोरीन मागे राहिली. फर्नने कोपर उचललं. निळा कोपरा दिसताच नोरीनने बोटाने तो परत बशीखाली ढकलला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिने वर छताकडे पाहिलं आणि पायाने बादली जराशी सरकवली, थेंब बरोबर मधोमध पडेल अशी.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"सोमवारी पहाटेच तो बदकं मारायला जातो," ती हळूच म्हणाली. "अंधार पडेपर्यंत दलदलीतच असतो."