पहिल्या झेपेचा इतिहास

उपग्रह उड्डाणांच्या गौरवग्रंथाचं पहिलं पान वाचून निवृत्त अभियंते रेंभोटकरांनी चष्मा काढला. "अहो, आपलं पहिलं रॉकेट समुद्रात कोसळलं होतं. इथं तर 'समुद्राच्या दिशेनं यशस्वी झेप' छापलंय!"

"झेप घेतलीच ना, काका?" संपादक मॅडम म्हणाल्या. "मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन आहे. सुवर्णमहोत्सवात 'कोसळलं' बरं दिसतं का?"

"मग पुढची तीन वर्षं? गळकी झडप शोधायला आम्ही अकरा जण राबलो, म्हणून दुसरं रॉकेट वर गेलं. तेवढी नावं तरी ठेवा."

मॅडमनी नावांचं पान काढलं आणि तिथं भूमिपूजनाचा फोटो घातला.

अकरा जणांतले हयात असे एकटे रेंभोटकर. प्रकाशनाला त्यांना मंचावर बसवलं होतं. मंत्र्यांनी, कुणाचीही अपेक्षा नसताना, ग्रंथ उघडून वाचला.

"पहिलं रॉकेट यशस्वी, मग दुसऱ्याला तीन वर्षं का लागली? करत काय होता तुम्ही?"

मॅडमनी रेंभोटकरांकडे बघून हात जोडले.

"सत्कार घेत होतो, साहेब," रेंभोटकर म्हणाले.

मंत्र्यांना ते लगेच पटलं.