डाव्या खांद्याची मिठी

"गुलाबी नको," विनेल म्हणाली. "मला पिस्तूल हवंय, नातीच्या वाढदिवसाचा केक नकोय."

मार्लिसने हसत हसत ते पिस्तूल परत काचेखाली ठेवलं. लबक शहराबाहेरच्या त्या बंदुकांच्या दुकानात बायकांची खरेदी तीच सांभाळायची. "नवरे नेतात हो हे, बायकोला खूश करायला. दोन दिवसांत बायका परत आणून आपटतात."

विनेलला नवरा नव्हता, तेव्हा तो धोका टळला होता. गावाच्या टोकाला तिची लाँड्री होती आणि संध्याकाळी ती एकटीच कुलूप लावायची. लेकीने टुमणं लावलं म्हणून ती इथे आली होती. आली होती ती मात्र चोरासारखी.

"हे कुणाला कळता कामा नये हं," ती म्हणाली. "पोटाला लोखंड बांधून देवाच्या दारात येणाऱ्या बायकांची मी आयुष्यभर टिंगल केलीय. आमच्या ओपलला कळलं तर संपलंच!"

ओपल ही तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर रविवारी चर्चच्या दारात ती अशी कडकडून मिठी मारायची की विनेलचा चष्मा वाकडा व्हायचा. पण ईस्टरपासून काहीतरी बिनसलं होतं. आता ओपल तिरकी यायची, पाठीवर दोन थापट्या मारायची आणि लगेच दूर व्हायची. असं तर गावात कुणी विमा विकणाऱ्यालाही भेटत नाही. विनेलने आठवून आठवून डोकं शिणवलं. तिच्या बटाट्याच्या सॅलडला आपण नावं ठेवली, ते लागलं की काय? विचारायचा धीर होत नव्हता. विचारलं आणि ओपल म्हणाली, "हो, मन उडालंय माझं," तर? या वयात दुसरी ओपल कुठून आणायची?

"हे बघ, हे इवलंसं बरं आहे," विनेल म्हणाली. "पर्समध्येही मावेल."

"इवलंसं असतं तेच हाताला लाथ मारतं, विनेलबाई. थोडं जड घ्या, म्हणजे धक्का तेच सोसेल. आणि पर्स तर नकोच. पर्स दुकानातल्या ढकलगाडीत टाकून तुम्ही टोमॅटो निवडायला जाणार."

हे खरं होतं. दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत जाऊन विनेलने इवलंसं आणि जड, दोन्ही चालवून पाहिली. इवल्याशा पिस्तुलाने मनगट सुन्न केलं. जरा मोठं, काळं पिस्तूल हातात नीट बसलं आणि तिच्या गोळ्या चक्क निशाण्याच्या कागदावर लागल्या. ती फुशारून गेली.

मग ते रिकामं करून होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायची खोळ, बघायला घेतलं. घोट्याला बांधायचं पाहून विनेल म्हणाली, "तिथपर्यंत वाकेस्तोवर चोर घरी जाऊन जेवेल." छातीखाली लावायचं पाहून म्हणाली, "तिथे आधीच गर्दी आहे, बाई." पुढे खोचायचं होतं ते बसताक्षणी पोटात रुतलं. शेवटी एक रुंद, मऊ पट्टा सापडला. त्याला उजव्या कमरेवर कडक खोळ होती आणि पिस्तुलाचा चाप तिच्यात पूर्ण झाकला जात होता. विनेल बसली, वाकली, कपड्यांची टोपली उचलल्यासारखं करून पाहिलं. कुठे म्हणून टोचलं नाही. वरून सैल ब्लाऊज सोडला आणि आरशात पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"झालं की मग!"

"दिसत नाही, पण हाताला लागेल," मार्लिस म्हणाली. "चर्चमध्ये मिठी कोण कोण मारतं?"

"कोण नाही मारत?"

"तिथेच पकडल्या जातात सगळ्या. आता बघा हं. डावा खांदा पुढे, उजवी कंबर मागे. पाठीवर दोन थापट्या मारायच्या आणि सुटायचं." असं म्हणून मार्लिसने तिला तशी मिठी मारून दाखवली.

विनेल होती तिथेच थिजली. ही मिठी तिच्या ओळखीची होती.

"काय झालं? टोचलं का?"

"छे गं." विनेलला एकदम रडूही यायला लागलं आणि हसूही. "ही तू सगळ्यांना शिकवतेस?"

"उजव्या बाजूला लावणाऱ्या प्रत्येकीला."

विनेल घरी गेलीच नाही. पैसे चुकते करून, पट्टा पिस्तुलासकट कमरेवर तसाच ठेवून तिने गाडी थेट ओपलच्या अंगणात घातली. ओपल भेंडी तोडत होती. तिने हात पुसले, हसली आणि डावा खांदा पुढे करून आली. विनेलने पोलिसासारखा हात वर केला.

"उजव्या बाजूला लावतेस ना?"

ओपलचा हात आपसूक कमरेवर गेला. तिचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच. दर रविवारी सांगतेयस. मलाच मेलीला कळत नव्हतं."

"मग काय करणार होते मी? एकटी राहते, भीती वाटायला लागली, घेतलं." ओपल म्हणाली. "लोखंड बांधणाऱ्या बायकांची तू केलेली टिंगल ऐकलेली. म्हटलं, तुला कळलं तर तू मला जवळसुद्धा येऊ देणार नाहीस."

विनेलने ब्लाऊजचा काठ वर उचलला. ओपलला तो पट्टा दिसला. मग तिला जे हसू फुटलं, त्याने पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"हसून झालं असेल तर आता सरळ समोरून ये," विनेल म्हणाली. "टोचलं तर टोचू दे."