कोरी ओळ

दमास्कसचा म्हातारा बखरकार वर्षअखेरीला त्या सालातल्या मृतांची नावं लिहीत होता. लढाईवरून परतलेला सैनिक समोर बसला होता. “काका, तुमचा हिलाल पडला. डोळ्यांनी पाहिलं मी.” “किती अंतरावरून?” “दोनशे पावलं.” “धूळ होती?” “लढाई होती, काका, लग्नाची वरात नव्हती!” “चेहरा दिसला?” सैनिक घुटमळला. “पाठ दिसली. पागोटं निळं होतं.” “निळी पागोटी बाजारात ढिगानं मिळतात.” दारातून बायको म्हणाली, “अहो, लोकांची पोरं मेल्याचं तुम्ही याहून कमी पुराव्यावर लिहिलंत.” म्हाताऱ्यानं मान खाली घातली. बोरू शाईत बुडवून त्यानं लेकाचं नाव लिहिलं. मरणाची तारीख नक्की ठाऊक नसली की बखरकार सोडतात तशी पुढची ओळ कोरी सोडली. बायकोनं पानात डोकावून पाहिलं. “एवढीशीच?” ती म्हणाली. “अख्खं पान सोडा. आल्यावर त्याला किती सांगायचं असेल.”