वर्षभर पडून

जुना गेमिंग कॉम्प्युटर विकणारा माणूस खोटं बोलतोच, असं सर्वेशचं ठाम मत होतं. आणि ते खोटं पकडून भाव पाडण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं.

भांडुपच्या त्या घरातल्या वहिनी कौतुकाने सांगत होत्या, "वर्षभर नुसता पडून आहे हो, म्हणून मीच विकायला काढला. हे साहेब झाल्यापासून सकाळी डबा घेऊन जातात ते रात्रीच उगवतात. माझीही दिवसभर नोकरी. खेळणार कोण?"

सर्वेशने कॉम्प्युटर लावला आणि तो कधी चालू झाला, कधी बंद झाला, याची नोंद उघडली. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. अख्खं वर्ष, सुट्टीचे दिवस सोडले तर एकही खाडा नाही.

त्याने मान वर केली. वहिनींच्या मागे उभा असलेला नवरा पांढराफटक पडला होता. त्याने गुपचूप हात जोडले.

सर्वेशला सगळं कळलं.



"वहिनी, हे बघा ना जरा," त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, "आता दोन हजार तरी कमी करणार ना?"